नाना पेठेतील एका दुकानातील अपहार आणि त्यानंतरची क्षमा : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील व्यक्तींची नावे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या तरुणाच्या हातून अपहार झाला त्याने हे टिपण वाचले असून त्याच्या सांगण्यावरून दोन गोष्टी गाळल्या आहेत. आपल्या वागण्यातून प्रभूची साक्ष द्यावी, म्हणजे येशूवरील विश्वास दिसावा, असे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) वरचेवर सांगितले जाते. परंतु ज्याने आपले नुकसान केले आहे, जो आपल्याच पगारावर जगतो आणि जो आपल्या धर्माचा नाही, अशा माणसाला क्षमा करताना त्या साक्षीचे काय होते, याचा तपशिलात जाऊन विचार फारसा होत नाही. या प्रकरणाचे महत्त्व माझ्या मते तेथेच आहे.

पार्श्वभूमी

दाविदराव हे अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांचे दुकान चालवतात. त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातले. त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून सुरू झाले होते आणि या घरातला ख्रिस्ती विश्वास काही पिढ्यांचा आहे. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि कुटुंब पुण्याचे झाले. घरी सकाळची प्रार्थना, रविवारी मराठी उपासना, नाताळात शेजाऱ्यांकडे करंज्या-चिवड्याची ताटे, असा त्यांचा क्रम आहे. दुकानात मात्र धर्माचा विषय निघत नसे; गल्ल्यामागच्या भिंतीवर बायबलमधील वचनांचे कॅलेंडर असे, एवढेच.

दुकानात दोन माणसे होती. राजू दहा वर्षांपासूनचा. तो माळ्यावरचा माल आणि गॅरेजवाल्यांकडची पोहोच सांभाळी. संतोष हा भोर तालुक्यातून बारावी करून आलेला, सहा वर्षे दुकानात असलेला, बोलायला चतुर आणि भागांचे नंबर तोंडपाठ असलेला तरुण काउंटरवर असे. नाना पेठेतला हा धंदा बराचसा उधारीवर चालतो. गॅरेजवाला सकाळी फोन करतो, माल दुपारपर्यंत पोहोचतो आणि पैसे आठ-पंधरा दिवसांनी येतात. त्यामुळे जो काउंटरवर बसतो त्याच्या हाती माल, उधारीची वही आणि वसुली या तिन्ही गोष्टी येतात. दाविदरावांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि चार-पाच महिने ते दुपारनंतरच, तेही एक दिवसाआड, दुकानात येऊ लागले. त्या काळात या तिन्ही गोष्टी एकट्या संतोषकडे राहिल्या.

समस्या

मार्चअखेरीस हिशेब जुळवताना हडपसरच्या एका गॅरेजवाल्याकडे अठरा हजारांची बाकी दिसत होती. दाविदरावांनी फोन केला तेव्हा त्याने पैसे केव्हाच दिल्याचे सांगितले आणि मोबाइलवरची नोंद पाठवली. पैसे संतोषच्या वैयक्तिक खात्यात गेले होते. पुढच्या आठवड्यात दाविदरावांनी घरी बसून एकेका गिऱ्हाइकाला विचारले. काही जणांना संतोषने 'दुकानाचा स्कॅनर बंद आहे' असे सांगून स्वतःचा नंबर दिला होता, तर क्लचप्लेट, ब्रेकशू आणि चेन-स्प्रॉकेटचे काही संच बिलाशिवाय रोखीने विकले गेले होते. सगळे मिळून नुकसान दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास निघाले.

यामागे आईचे आजारपण किंवा बहिणीचे लग्न असे काही असते, तर क्षमेचा निर्णय सोपा गेला असता. प्रत्यक्षात संतोष मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होता. हरलेले भरून काढण्यासाठी त्याने कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे उचलले आणि त्या ॲपवाल्यांचे धमकीचे फोन गावी जाऊ लागल्यावर दुकानाच्या वसुलीला हात घातला. त्याची कीव यावी असे त्यात थोडेच होते.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून बोलावे, त्याने ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे आणि मंडळीपुढे विषय त्यानंतर आणावा, असा क्रम दिला आहे. ती शिकवण मंडळीतल्या भावाविषयीची आहे आणि संतोष मंडळीतला नव्हता, तरी दाविदरावांनी तोच क्रम धरला. एका संध्याकाळी राजू घरी गेल्यावर त्यांनी शटर अर्धे खाली ओढले आणि कागद संतोषपुढे ठेवले. त्याने आधी नाकारले, मग गॅरेजवाल्यांवर ढकलले आणि शेवटी म्हणाला, "काका, गावी कळवू नका. आई जिवंत राहायची नाही." पैसे घेतल्याची कबुली त्यानंतर आली, पश्चात्तापाचा शब्द त्या दिवशी आला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

खासगी कंपनीत नोकरी करणारा मुलगा आशिष याचे मत स्पष्ट होते : पोलिसांत जावे. भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेल्या फौजदारीपात्र न्यासभंगाला, म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेच्या अपहाराला, सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि असा खटला पुढे मिटवायचा म्हटले तरी न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे तक्रार दिल्यावर मन बदलले तरी सगळे आपल्या हातात राहत नाही. आशिषचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. तो म्हणाला, "पप्पा, माफ करणार तुम्ही, पण पैसे घरातून गेलेत. मम्मीच्या नावावर टाकायचे होते ते." क्षमा करण्याचा अधिकार नक्की कोणाचा, हा प्रश्न त्याने घरात प्रथम उभा केला.

दुसरा पर्याय म्हणजे पगार चुकता करून संतोषला गुपचूप काढून टाकणे. बाजारात बहुतेक मालक हेच करतात. त्यात मनस्ताप कमी होतो, पण खरे काय ते कोणीच बोलत नाही आणि तोच माणूस पुढच्या गल्ल्यावर जाऊन बसतो.

तिसरा पर्याय सगळे सोडून देऊन पूर्वीसारखे चालू ठेवण्याचा होता. मंडळीचे पाळकसाहेब घरी आले तेव्हा दाविदरावांच्या पत्नी सुनंदाबाईंनी त्यांना थेट विचारले की सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायची, तर मग हिशेब कशाला काढायचा? पाळकांनी मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराचा दाखला काढला. राजाने त्या चाकराला अफाट कर्ज सोडले आणि त्याने मात्र आपल्या सोबत्याची शंभर दिनारांसाठी मानगूट धरली. दिनार ही त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सोबत्याकडचे येणेही तीन-साडेतीन महिन्यांच्या कमाईएवढे होते आणि दाखल्यात त्याला क्षुल्लक म्हटलेले नाही. येणे किती आहे हे नीट सांगितल्याशिवाय ते सोडलेही जात नाही, असे पाळकांचे म्हणणे पडले. या प्रकरणातील पुढच्या बहुतेक निर्णयांची दिशा या बैठकीत ठरली, असे मला वाटते.

चौथा पर्याय त्यातूनच आकाराला आला : तक्रार करायची नाही, नोकरीवरून काढायचे नाही, पण रक्कम लिहून घ्यायची, परतफेड ठरवायची आणि संतोषला पैशांपासून दूर ठेवायचे. सुनंदाबाईंची संमती दाविदरावांनी स्वतंत्रपणे विचारली आणि त्यांनी दोन दिवस घेऊन ती दिली. आशिषने दिली नाही.

साक्षीचा मोह

मंडळीतील एका ज्येष्ठ सभासदांना हे कानावर आले आणि त्यांना त्यात देवाने उघडलेले दार दिसले. मुलगा खचला आहे, मालकाने त्याला वाचवले आहे, तेव्हा त्याला बुधवारच्या प्रार्थनासभेला आणावे, नवा करार (बायबलचा येशूविषयीचा भाग) द्यावा आणि ही क्षमा कोणाच्या नावाने मिळाली हे सांगावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सुवार्ता सांगणे हे ते प्रामाणिकपणे आपले कर्तव्य मानतात आणि संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रचाराचे स्वातंत्र्य दिलेलेच आहे.

दाविदरावांनी नकार दिला. त्यांचे शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकले : "तो आज माझ्या पैशाखाली दबलाय. आत्ता मी देवळात (चर्चमध्ये) चल म्हटलं तर तो येईल. पण तो येशूकडे येणार नाही, माझ्याकडे येईल." देणेकऱ्याला आपल्या मालकाला नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला विश्वासाच्या बाबतीत काहीच किंमत नाही. कायद्याची दृष्टीही याहून फार वेगळी नाही. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्याच्या १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे म्हटले. कर्जमाफी आणि प्रार्थनासभेचे निमंत्रण एकाच आठवड्यात दिले गेले असते, तर बाहेरच्याने त्याला आमिष म्हटले असते आणि ते खोडून काढणे अवघड गेले असते.

पुण्यात तर या संशयाला मोठा इतिहास आहे. नाना पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्यात आले, विधवांना आसरा आणि शिक्षण मिळू लागले, पण मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील मान्यवरांनी अंग काढून घेतले. रमाबाईंची करुणा खरी होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही आसरा देणारा आणि विश्वास सांगणारा एकच असला की आसरा घेणाऱ्याच्या निवडीविषयी प्रश्न उठतोच, आणि तो प्रश्न विचारणारा दर वेळी द्वेषानेच विचारतो असे नाही.

पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या आशेविषयी जो विचारेल त्याला सौम्यतेने व आदराने उत्तर देण्यास सिद्ध असा, असे सांगितले आहे. हे वचन बहुधा 'सिद्ध असा' यावर जोर देऊन शिकवले जाते. दाविदरावांनी 'जो विचारेल' हा भाग धरला.

केलेली कृती

कबुलीचा कागद साध्या भाषेत लिहिला गेला. त्यात रक्कम, महिना पाच हजार परतफेड आणि पैशांचा व्यवहार न हाताळण्याची अट एवढेच होते. देव, धर्म, मंडळी यांचा उल्लेख मुद्दाम टाळला. साक्षीदार म्हणून मंडळीतील कोणाला न घेता शेजारच्या बेअरिंगच्या दुकानदाराला बोलावले. ते वारकरी घरातले आहेत आणि दोघांचा तीस वर्षांचा परिचय आहे. उद्या कोणी 'ख्रिश्चनांनी पोराला कागदात अडकवले' असे म्हटले, तर उत्तर देणारा माणूस घरचा नसावा, असा त्यामागे विचार होता.

पगारातून परस्पर कपात करावी असे आशिषचे म्हणणे होते. दाविदरावांनी पूर्ण पगार संतोषच्या हाती द्यायचा आणि त्याने त्यातले पाच हजार स्वतः आणून द्यायचे असे ठरवले. यात जोखीम होती, पण परतफेड त्याच्या हातून व्हावी हा आग्रह होता. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू जकातदार जक्कयाच्या घरी उतरतो ते जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल करण्याच्या आधी; परतफेड जक्कय आपण होऊन बोलतो. दाविदरावांच्या मनात तो प्रसंग होता.

दोन महिन्यांनी संतोषची आई गावाहून आली. मुलानेच तिला सांगितले होते. तिने इंद्रायणी तांदळाचे पोते आणले होते आणि ती सुनंदाबाईंच्या पाया पडू लागली. दाविदरावांना ते पोते परत करावेसे वाटले, निदान त्याची किंमत देण्यातून वजा करावीशी वाटली. सुनंदाबाईंनी दोन्हीला विरोध केला. "अहो, ते घ्या. आणि त्याचा हिशेब करू नका," असे त्या म्हणाल्या. पोते परत केले असते तर हे घर कायम देणारे आणि ते घर कायम घेणारे राहिले असते. आई जेवून गेली. क्षमा करणाऱ्यालाही घेता यावे लागते, हे या कुटुंबात सुनंदाबाईंनी सर्वांत आधी ओळखले, असे मी मानतो.

सर्वांत कठीण निर्णय वर्षभराने आला. संतोषला बाजारातच दुसऱ्या दुकानात जास्त पगाराची नोकरी मिळत होती आणि त्या मालकाने दाविदरावांना फोन करून माणूस कसा आहे ते विचारले. खरे सांगितले तर मुलाची वाट बंद होते; लपवले तर दुसऱ्याच्या गल्ल्याशी खेळ होतो. दाविदरावांनी सांगितले की काम उत्तम आहे, वक्तशीर आहे, पण त्याला गल्ल्यावर बसवू नका. कारण विचारले तेव्हा ते संतोषच सांगेल, असे म्हणाले. नोकरी गेली. संतोषने त्यांना तोंडावर विचारले, "माफ केलं होतं ना तुम्ही?" त्यांनी उत्तर दिले की माफ केले आहे, पण तुझ्यासाठी खोटे बोलेन असे कधी म्हटले नव्हते. काही आठवडे दोघांत कामापुरतेच बोलणे राहिले.

परिणाम

पुढे संतोष चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. पैशांशी संबंध नसलेले ते काम त्याने स्वतः शोधले. जाण्यापूर्वी सत्तर हजारांच्या आसपास परतफेड झाली होती. नंतर काही हप्ते आले आणि थांबले. दाविदरावांनी तगादा लावला नाही. तो दुकान सोडून गेल्यावर, म्हणजे त्याच्याकडून कामाची, हजेरीची किंवा कृतज्ञतेची कोणतीही अपेक्षा उरली नाही तेव्हा, त्यांनी उरलेली सुमारे दीड लाखाची रक्कम सोडली आणि मूळ कागदावर 'येणे नाही' असे लिहून त्याच साक्षीदारासमोर तो परत केला. माफी आधीच देता आली असती, पण तेव्हा ती मालकाने नोकराला दिलेली सवलत ठरली असती.

त्यानंतर काही महिन्यांनी संतोष एका रविवारी घरी आला आणि पोलिसांत का गेला नाहीत, असे त्याने विचारले. दाविदरावांचे उत्तर थोडके होते. माझ्यावर याहून मोठे देणे होते आणि ते ख्रिस्ताने क्रुसावर फेडले असे मी मानतो, म्हणून तुझे देणे धरून बसणे मला जमले नाही. राग मात्र खूप आला होता. संतोषने आणखी विचारले, तेव्हा निर्दय चाकराचा दाखला वाचून दाखवला गेला. नवा करार त्याने मागितला, मग दिला.

तो ख्रिस्ती झालेला नाही. आईबरोबर आळंदीला जातो आणि नाताळला दाविदरावांकडे येतो. कर्जाच्या ॲपचे देणे फिटले आहे. रमी सुटली असे तो म्हणतो आणि एकदा पुन्हा खेळल्याचेही त्याने आपणहून सांगितले. हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकांसाठी देवाचे आभार मानण्याच्या सणाला, मंडळीत ही साक्ष द्यावी असा आग्रह त्या ज्येष्ठ सभासदांनी धरला होता, तोही दाविदरावांनी मानला नाही, कारण त्या कथेत दुसऱ्याची अब्रू होती. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' उभारला होता. संतोषला त्यात बसवण्याची घाई मी करणार नाही, परंतु मंडळीच्या नोंदवहीत ज्यासाठी रकाना नाही अशी माणसे मराठी ख्रिस्ती परंपरेला नवी नाहीत, एवढे म्हणता येते.

आशिष वर्षभर संतोषशी बोलला नाही. आता बोलतो, पण आपले मत बदललेले नाही असे सांगतो.

वेगळे काय करता आले असते

माल, उधारी आणि वसुली एकाच माणसाच्या हाती सोडणे हा दाविदरावांचा दोष होता. आजारपणाच्या काळात आठवड्यातून एकदा वही पडताळली असती, तर रक्कम इतकी वाढली नसती. 'आम्हांला परीक्षेत आणू नकोस' अशी प्रार्थना रोज करणाऱ्याने आपल्या नोकराला त्या परीक्षेत किती सहज सोडले, हे ते स्वतः बोलून दाखवतात.

संदर्भासाठी फोन येईल हे संतोषला आधी सांगून, आपण काय उत्तर देणार हे दोघांनी मिळून ठरवायला हवे होते. दाविदरावांचे उत्तर योग्य होते. ते संतोषला बाहेरून कळले, हे अयोग्य होते.

सर्वांत मोठी उणीव राजूच्या बाबतीत राहिली. त्याला कित्येक आठवडे काहीच सांगितले गेले नाही. संतोष काउंटरवरून माळ्यावर का आला, हे त्याने बाजारातून ऐकले. तो दाविदरावांना म्हणाला, "काका, त्यानं खाल्लं तर त्याला एवढं जपताय. मी दहा वर्षं एक नट इकडचा तिकडं केला नाही, मला काय?" लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घरीच राबलेल्या थोरल्या भावाचा हा प्रश्न आहे, आणि तेथेही बाप बाहेर येऊन त्याची समजूत काढतो, त्याला अंगणात एकटे सोडत नाही. दाविदरावांना त्या वेळी उत्तर सुचले नाही. एका माणसाला क्षमा करण्याच्या काळजीत दुसऱ्याच्या प्रामाणिकपणाची दखल राहून गेली, आणि क्षमेविषयीच्या आपल्या बोलण्यात अशा राजूंना सहसा जागाच नसते. उधारीची वही आता दर शनिवारी राजू आणि दाविदराव मिळून जुळवतात. राजूचा पगार वाढला, तो संतोष गेल्यावर. आणि तोपर्यंत का वाढला नाही, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नाही.